अनुभवावरून श्रद्धेबद्दल आणि श्रद्धाळूंबद्दल मत बनवताना नेमकं काय तपासायचं?

कानोसा

श्रद्धेचा विषय निघाला की कुठल्याही मिश्र गटातली चर्चा दोन वाक्यांवर येऊन अडते. एक, "मला प्रचिती आली आहे, वादाचा प्रश्नच नाही." दुसरं, "धार्मिक माणसं पुरेशी पाहिली आहेत, मला नका सांगू." दोन्हींमागे खरे अनुभव असतात आणि दोन्हींनंतर बोलणं खुंटतं.

श्रद्धाळू, नास्तिक आणि अधलेमधले अशा सगळ्यांच्या गटासाठी दीड तासाचं सत्र आखायचं आहे. तीन गोष्टींवर मदत हवी:

१. एखादा अनुभव कशाचा पुरावा ठरतो आणि कशाचा नाही, हे वेगळं कसं करायचं?
२. "मी पाहिलेले श्रद्धाळू" हा नमुना किती भरवशाचा आहे, याचा अंदाज सामान्य माणसाने कसा घ्यायचा?
३. समोरच्याला खोटं न पाडता हे सगळं विचारायचं कसं?

"एकमेकांच्या भावनांचा आदर करावा" छापाची उत्तरं कृपया नकोत. देव आहे की नाही हाही वाद इथे नको, त्यासाठी धागे पुष्कळ आहेत.

---

आडगाठ

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. प्रतिसाद लांबणार आहे.

"प्रार्थना केली आणि आजार बरा झाला" हे दिसायला एक वाक्य आहे, पण त्यात चार दावे एकावर एक रचलेले आहेत.

घटना: आजार होता, प्रार्थना झाली, आजार गेला.
अनुभूती: प्रार्थना करताना धीर आला, कुणीतरी ऐकतंय असं जाणवलं.
कारण: आजार प्रार्थनेमुळे गेला.
व्यापक निष्कर्ष: प्रार्थना फळते, म्हणजे ऐकणारा आहे.

पहिल्या दोन्हींसाठी सांगणाराच उत्तम साक्षीदार. अनुभूतीला तर दुसरा साक्षीदार असूच शकत नाही. तिसऱ्या दाव्याला मात्र साक्ष पुरत नाही, कारण तिथे "प्रार्थना नसती तर काय झालं असतं" हे माहीत असावं लागतं आणि ते कुणीच पाहिलेलं नसतं. चौथ्यात हा अनुभव फार तर एका नोंदीएवढा. भांडणं का होतात, तर ऐकणारा चौथ्या दाव्यावर तुटून पडतो आणि सांगणाऱ्याला वाटतं, हा माझ्या अनुभूतीलाच खोटं म्हणतोय. त्यामुळे आक्षेप घेताना आधी ओळ सांगायची: "पहिल्या दोन ओळी मला मान्य आहेत, प्रश्न तिसरीवर आहे." एवढ्यानेच निम्मा आवाज खाली येतो.

हेच उलट बाजूलाही लावा. "एवढी प्रार्थना करूनही माणूस गेला, म्हणजे सगळं थोतांड" यातही तेच चार थर आहेत आणि तिसरा-चौथा तितकाच कच्चा आहे. नास्तिकांकडून ही चूक कमी होते असं समजायचं कारण नाही.

तिसरी ओळ तपासायला चार घरांचा तक्ता पुरतो. आडवे दोन रकाने: बरा झाला, नाही झाला. उभे दोन: प्रार्थना केली, नाही केली. समजा (आकडे मनचे, फक्त समजण्यासाठी) १०० आजारी माणसांपैकी ८० जणांनी प्रार्थना केली, त्यातले ६० बरे झाले. २० जणांनी केली नाही, त्यातले १५ बरे झाले. दोन्हीकडे प्रमाण ७५ टक्केच. पण कानावर काय येईल? "प्रार्थनेनं बरा झालो" असे ६० किस्से. प्रार्थना न करता बरे झालेले १५ जण किस्सा सांगतच नाहीत, सांगण्यासारखं त्यांच्याकडे काही नसतं. प्रार्थना करूनही बरे न झालेल्या २० जणांना कुणी विचारत नाही. चारपैकी एकच घर बोलतं.

ही गोष्ट फार जुनी आहे. इ.स.पू. पाचव्या शतकातल्या डायागोरस या ग्रीक नास्तिकाला एका मित्राने देवळातली चित्रं दाखवली. नवस बोलून वादळातून वाचलेल्यांनी ती वाहिलेली होती. एवढे लोक वाचले हे दिसत नाही का, असं त्याने विचारलं. डायागोरस म्हणाला, दिसतं ना, कारण बुडालेल्यांची चित्रं कुठेच लावलेली नसतात. रोमन लेखक सिसेरोने हा किस्सा नोंदवून ठेवला आहे. गटाला तक्ता समजावण्याआधी हा सांगा, तक्ता आपोआप कळतो.

मोजून पाहिलेलं उदाहरण हवं असेल तर २००६ मध्ये अमेरिकेतल्या ६ रुग्णालयांमधल्या १,८०२ बायपास रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात तीन गट होते. "तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणारही नाही" असं दोन गटांना सांगितलं. त्यातल्या एकासाठी प्रार्थना झाली, दुसऱ्यासाठी नाही. तिसऱ्याला "नक्की होणार" असं सांगितलं आणि केली. अनोळखी लोकांनी रुग्णाचं पहिलं नाव आणि आडनावाचं आद्याक्षर घेऊन १४ दिवस प्रार्थना केली. शस्त्रक्रियेनंतरच्या ३० दिवसांत गुंतागुंत झालेले रुग्ण पहिल्या गटात ५२ टक्के, प्रार्थना न झालेल्या गटात ५१ टक्के आणि खात्रीने सांगितलेल्या गटात ५९ टक्के.

हा अभ्यास दोन्ही बाजू चुकीच्या कामाला जुंपतात, म्हणून मर्यादाही सांगा. मोजलं काय, तर परक्यांनी ठरलेल्या वेळी केलेली प्रार्थना आणि एक वैद्यकीय परिणाम. आईने मुलाच्या उशाशी केलेल्या प्रार्थनेने आईला काय मिळालं, हे त्यात मोजलेलंच नाही. घरचे लोक आपापली प्रार्थना करतच होते, म्हणजे "प्रार्थना अजिबात नाही" असा गट तिथे नव्हताच. आणि ५९ चा आकडा बघून "प्रार्थनेने अपाय होतो" म्हणणाराही तिसऱ्या ओळीवरच घसरतो. आपली प्रकृती इतकी वाईट आहे की काय, या धास्तीपासून निव्वळ योगायोगापर्यंत कारणं बरीच असू शकतात.

राहिली ती शुद्ध अनुभूती, म्हणजे "कुणीतरी आहे" असं आतून जाणवणं. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने १९०२ मध्ये केलेली विभागणी इथे अजून कामाची आहे: असा अनुभव ज्याला येतो त्याच्यापुरता त्याचा अधिकार चालतो, पण इतरांनी तो न तपासता मान्य करावा असं बंधन त्यातून येत नाही. सत्रात हे मोठ्याने वाचून दाखवा. पहिल्या अर्ध्या वाक्याने श्रद्धाळू सैलावतात, दुसऱ्या अर्ध्याने बाकीचे.

---

मोजपट्टी

आडगाठ यांच्याशी सहमत. दुसरा प्रश्न मी घेते, कारण नमुन्याच्या बाबतीत भलेभले घसरतात.

आधी हे पाहा की कोण श्रद्धाळू आहे हे आपल्याला कळतं कसं? जो बोलून दाखवतो, खुणा बाळगतो, दुसऱ्याला उपदेश करतो, तो यादीत जातो. जो गुपचूप प्रार्थना करून कामाला लागतो तो "साधा माणूस" म्हणून वेगळ्या खात्यात जमा होतो. म्हणजे "धार्मिक माणसं दिखाऊ असतात" हा निष्कर्ष यादी करतानाच आत शिरलेला असतो. नास्तिकांचंही तेच. जे वाद घालतात तेवढेच नास्तिक म्हणून लक्षात राहतात, मग "नास्तिक भांडखोर असतात" हे सिद्धच झालं!

कागदावर करायचा प्रयोग असा:

जवळून माहीत असलेल्या २० माणसांची नावं लिहा. स्वभाव डोक्यात न आणता, फक्त कामाच्या किंवा नात्याच्या क्रमाने. मग प्रत्येकापुढे "बराच श्रद्धाळू / थोडाफार / नाही / माहीत नाही" यातलं एक. मग कागद दुमडा आणि दुसऱ्या कागदावर तीच नावं उलट क्रमाने लिहून एकेकापुढे एक ठोस प्रश्न सोडवा: या माणसाने गेल्या वर्षभरात स्वतःची गैरसोय करून कुणाला मदत केल्याचं मला माहीत आहे का? "चांगला-वाईट" असे गुण द्यायचे नाहीत, कारण तिथे आपला राग-लोभ थेट उतरतो. शेवटी दोन्ही कागद जुळवा.

बहुतेकांचा हिशेब पहिल्याच टप्प्यावर फसतो. "माहीत नाही" हा रकाना अपेक्षेपेक्षा खूप भरतो. इतकी वर्षं ओळख असून अमुक माणूस प्रार्थना करतो की नाही हे ठाऊक नसतं, आणि "मी धार्मिक माणसं पाहिली आहेत" हे विधान उरलेल्या पाच-सहा जणांवर उभं असल्याचं दिसतं. प्रयोगाचा खरा उपयोग इथेच होतो, पुढचं जुळवणं दुय्यम आहे.

आता पाच-सहा किंवा दहा-बारा माणसांवरून किती बोलता येतं? सोपा ठोकताळा: ३० जणांमध्ये एखादा गुण एकातही दिसला नाही, तर ३ भागिले ३०, म्हणजे तो गुण मूळ समूहात १० टक्क्यांपर्यंत असू शकतो, एवढंच ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. दहाच जण असतील तर हा ठोकताळा थोडा जास्त दाखवतो (३० टक्के), नेमक्या हिशेबाने ही कमाल मर्यादा साधारण २६ टक्क्यांवर जाते. म्हणजे दहापैकी एकही उदार निघाला नाही, तरी समूहातला दर चौथा माणूस उदार असू शकतो. आणि हा हिशेब चालतो तो ती दहा माणसं चिठ्ठ्या टाकून निवडली असतील तर! आपली माणसं तशी निवडलेली नसतात.

ती एका घरातली, एका मंडळातली, एकाच गुरूच्या मागे असलेली असतात. अशी माणसं एकमेकांसारखी असतात, त्यामुळे डोकी मोजून भागत नाही. सर्व्हेवाले यासाठी भाजक वापरतात: १ + (डोकी − १) × सारखेपणा. सारखेपणा ० ते १ मध्ये धरायचा. एकाच कंपूतली १२ माणसं आणि सारखेपणा ०.३ धरला, तर १ + ११ × ०.३ = ४.३, आणि १२ भागिले ४.३ म्हणजे २.८. बारा माणसं पाहिल्याचा दावा, हाताशी जेमतेम तीन. ०.३ हा अंदाज आहे, घट्ट विणलेल्या गटात तो जास्तही निघेल.

यापुढची पायरी कारणाची. ढोंग, दडपशाही, पैसे उकळणं हे प्रत्यक्ष पाहिलेलं असतं, त्यात शंका नाही. ते श्रद्धेमुळे होतं का, हा प्रश्न वेगळा. न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रात, यासाठी नेमकी चौकट आहे. जिथे धूर तिथे अग्नी, हे बरोबर. जिथे अग्नी तिथे धूर, हे चूक, कारण तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असून धूर नसतो. धूर यायला ओलं सरपण लागतं. या लपलेल्या अटीला उपाधी म्हणतात. तर "जिथे श्रद्धा तिथे छळ" असं वाटतं तिथे ओलं सरपण शोधायचं. बहुतेक वेळा ते असं निघतं: एकाकडे अधिकार, त्याला जाब विचारायची सोय नाही, आणि तक्रार करणाऱ्यालाच गटाबाहेर काढायची मुभा. हीच तीन लक्षणं असलेली शाळा, क्रीडासंस्था किंवा राजकीय पक्ष घेऊन बघा, तिथेही तोच धूर निघतो.

पण इथे थांबलात तर श्रद्धेला फुकटचं प्रमाणपत्र मिळेल, म्हणून उलट प्रश्नही विचारा: तक्रार दाबायला शिकवणुकीचाच वापर झाला का? "गुरूवर संशय घेणं पाप आहे", "सहन करणं हीच परीक्षा आहे" असं सांगून तोंड बंद केलं असेल, तर श्रद्धा नुसती शेजारी उभी नव्हती, सरपण ओलं ठेवण्याचं काम तिनेच केलं. तपशिलात गेल्याशिवाय दोन्हींतला फरक कळत नाही.

परिस्थितीचा जोर किती असतो याचं एक नामांकित उदाहरण १९७३ चं. डार्ली आणि बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी धर्मोपदेशक होण्याचं शिक्षण घेणाऱ्या ४० विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसरीकडे भाषण द्यायला पाठवलं. वाटेत दारापाशी एक माणूस वाकून बसलेला, खोकत, कण्हत. काहींना सांगितलं होतं, वेळ भरपूर आहे. काहींना, वेळेत पोचा. काहींना, उशीर झालाय, पळा. थांबून मदत करणाऱ्यांचं प्रमाण अनुक्रमे ६३, ४५ आणि १० टक्के. निम्म्या विद्यार्थ्यांच्या भाषणाचा विषय तर वाटेत पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या माणसाची बायबलमधली गोष्ट हाच होता, त्यानेही लक्षणीय फरक पडला नाही. कोण कशासाठी धार्मिक आहे, यावरूनही कोण थांबेल हे सांगता आलं नाही. चाळीसच माणसं, त्यामुळे टक्के दगडावरची रेघ मानू नका. पण घाईत असलेल्या भक्ताला पाहून "हेच का तुमचे संस्कार" म्हणण्याआधी घाई मोजावी, इतकं तरी यातून घ्यावं.

---

उलटतपासणी

हिशेब पटला, पण तो सगळ्यांना सरसकट लावू नका.

ज्याला धर्माच्या नावाखाली इजा झाली आहे त्याच्याकडून नमुन्याची सांख्यिकी मागणं हा उर्मटपणा आहे. शिवाय ते तर्कालाही धरून नाही. मत बनवणं आणि सावध राहणं ही दोन वेगळी कामं आहेत. "सगळे धर्मगुरू वाईट" म्हणायला पुरावा भक्कम लागतो. "माझ्या मुलाला मी कुणा धर्मगुरूच्या हवाली एकटं सोडणार नाही" म्हणायला एक वाईट अनुभवही पुरेसा आहे, कारण चुकून जास्त सावध राहण्याची किंमत थोडी आणि कमी पडण्याची किंमत जबर. सत्रात कुणी दुसऱ्या प्रकारचं वाक्य बोललं आणि तुम्ही त्याला पहिल्या प्रकारचं समजून आकडेमोड काढलीत, तर तो माणूस परत तोंड उघडणार नाही.

दुसरं असं की, वर दोघांनीही बाण अनुभवाकडून मताकडे जातो असं धरलंय. तो उलटाही जातो. आधीची श्रद्धा ठरवते की घटना कुठल्या रंगाची दिसणार. श्रद्धेचा आधार घेऊन संकट सोसणं यावर मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट यांचं काम आहे. त्यांच्या छोट्या प्रश्नावलीत १४ विधानं आहेत, ७ आधाराची आणि ७ झगड्याची. आधाराची म्हणजे देवाशी जवळीक शोधणं, त्याच्यासोबत मार्ग काढायचा प्रयत्न करणं. झगड्याची म्हणजे देवाने टाकून दिलं, ही शिक्षा आहे, माझ्या लोकांनी मला वाऱ्यावर सोडलं. दोन्ही एकाच माणसात एकाच वेळी असू शकतात, म्हणून त्यांचे गुण वेगवेगळे मोजतात, एकातून दुसरे वजा करत नाहीत.

याचा उपयोग: एकच दुःख, दोन माणसं, दोन निष्कर्ष असं दिसलं की "संकटाने याची श्रद्धा गेली, त्याची वाढली" एवढ्यावर सोडू नका. संकटाआधी त्याच्या मनातला देव कसा होता ते विचारा. हिशेब ठेवणारा, की सोबत करणारा? चांगलं वागलं की संरक्षण मिळतं असा करार ज्याने मनोमन धरलेला असतो, त्याला संकट म्हणजे करारभंग वाटतो. असा करारच न धरलेल्याला त्याच संकटात देवाकडे मागायचं काही सुचतं, भांडायचं नाही.

बालपणाबद्दलही एक. घरात श्रद्धेच्या गप्पा किती झाल्या यापेक्षा मोठ्यांनी तिच्यासाठी काय पदरमोड केली, याला वजन जास्त असतं, अशी मानववंशशास्त्रज्ञ जोसेफ हेन्रिक यांची २००९ मधली मांडणी आहे. बोलणं स्वस्त, करणं महाग, आणि मुलं महाग गोष्ट पाहून विश्वास ठेवतात. म्हणून "लहानपणी तुमच्या घरी वातावरण धार्मिक होतं का" या प्रश्नातून फारसं निघत नाही. "श्रद्धेपायी घरच्या मोठ्यांनी स्वतःचं नुकसान सोसलेलं तुम्ही पाहिलं का, की ते फक्त तुम्हाला सोसायला लावलं" असं विचारा, उत्तरं एकदम स्पष्ट येतात.

---

कानोसा

तिन्ही प्रतिसाद उपयोगाचे. सावधगिरी आणि मत यातला फरक माझ्या आखणीत नव्हता, तो घेते आहे.

आता प्रत्यक्ष सत्राचं बोला. दीड तास, साधारण आठ जण. क्रम काय ठेवू? आणि धर्म बदललेल्या किंवा सोडलेल्या माणसाची गोष्ट इतकी रंगते की बाकीचे गप्प बसतात, त्याचं काय करायचं?

---

सूत्रधार

आठच्या वर जाऊ नका. दहा झाले की दोन जण प्रेक्षक होतात.

पहिली १५ मिनिटं कुणीही बोलायचं नाही, फक्त लिहायचं. प्रत्येकाला एक कार्ड, त्यावर आडगाठ यांच्या चार ओळी. एकच अनुभव, एका ओळीला दोन वाक्यं. आधी लिहून घेणं सक्तीचं समजा. एकदा पहिला माणूस बोलला की पुढच्यांच्या आठवणी त्याच्या साच्यात बसायला लागतात. तो चमत्कार सांगतो, मग सगळ्यांना चमत्कार आठवतात; तो फसवणूक सांगतो, मग सगळ्यांना फसवणूक.

मग प्रत्येकी ४ मिनिटं वाचन, मध्ये प्रश्न नाहीत. आठ जणांची ३२ मिनिटं, उठबस धरून ३५. घड्याळ समोर ठेवा आणि पहिल्याच माणसाला वेळेवर थांबवा. पाचव्याला थांबवलं तर त्याला ते मनाला लागतं.

पुढची २५ मिनिटं प्रश्नांची, आणि प्रश्न ठरलेल्या चारच प्रकारचे. "त्या वेळी तुम्ही नेमकं काय पाहिलं?" "याचा दुसरा अर्थ तेव्हा सुचला होता का?" "याच्या उलट काय घडलं असतं तर तुमचं मत बदललं असतं?" आणि "हे मत तुम्ही कुणाकुणाला लागू करता, एका माणसाला, एका गटाला की सगळ्यांना?" चौथा प्रश्न सगळ्यात फलदायी. बरेच जण तिथेच स्वतःहून "सगळे" वरून "त्या गटातले" वर येतात, कुणी ढकलावं लागत नाही. तिसऱ्याला मात्र जपून. ताजं दुःख असलेल्याला तो विचारायचा नाही. आणि "का" ने सुरू होणारे प्रश्न टाळा. "तुम्ही हे का मानता" म्हटलं की माणूस बचाव उभा करतो. "हे कधीपासून वाटायला लागलं" म्हटलं की आठवायला लागतो.

शेवटची १५ मिनिटं जोड्या करून एक काम: एक श्रद्धाळू आणि एक अश्रद्ध यांनी मिळून, दोघांनाही मान्य होईल असं एकच वाक्य तयार करायचं, समोरच्याच्या अनुभवाबद्दल. हे काम हौसेचं नाही. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्टने १९५४ मध्ये पूर्वग्रह कमी व्हायला चार अटी सांगितल्या होत्या: बरोबरीचा दर्जा, सामायिक उद्दिष्ट, एकमेकांशिवाय न होणारं काम, आणि वरच्यांचा पाठिंबा. नुसतं गोल करून बसवण्यात फार तर पहिली पूर्ण होते. पेटिग्रू आणि ट्रॉप यांनी २००६ मध्ये ५१५ अभ्यास एकत्र तपासले, त्यात अटी अपुऱ्या असतानाही संपर्काने पूर्वग्रह कमी होताना दिसतो, पूर्ण असतील तर अधिक. सरासरी परिणाम बेताचाच, सहसंबंध ०.२ च्या आसपास (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण). तेव्हा एका संध्याकाळी कुणाचं मतपरिवर्तन होईल अशी आशा धरून बसू नका.

धर्म बदललेल्या-सोडलेल्यांबद्दल. या गोष्टी रंगतात कारण त्या अनेकदा सांगून घासलेल्या असतात. शिवाय त्या आजच्या ठिकाणावरून मागे वळून सांगितलेल्या असतात, त्यामुळे आधीचा काळ जितका होता त्याहून काळा आणि वळणाचा क्षण होता त्याहून लख्ख दिसतो. खोटेपणा नाही तो, स्मरणशक्ती अशीच चालते. अशा माणसाला क्रमाने शेवटचा ठेवा आणि एकच जादा प्रश्न द्या: "त्या काळात तुम्ही लिहिलेलं काही आहे का, डायरी, पत्र, मेसेज? त्यात तेव्हा काय म्हटलंय?" बरेचदा त्यात शंका दोन-तीन वर्षं आधीपासून दिसते आणि "एका क्षणात सगळं बदललं" मधला क्षण पसरट होतो. गोष्ट तरीही खरीच राहते, फक्त तिचा दरारा कमी होतो आणि इतरांना बोलायला जागा मिळते.

बिघडतं कुठे तेही सांगतो. कुणीतरी "तुम्ही लोक" म्हणतं आणि खोलीचे दोन पक्ष होतात. तिथे नियम एकच: "तुम्ही लोक" आलं की बोलणाऱ्याने त्या जागी एका ओळखीच्या माणसाचं वर्णन घालून, नाव न घेता, वाक्य पुन्हा म्हणायचं. निम्मी वाक्यं तशी म्हणताच येत नाहीत. दुसरं, एकट्या-दुकट्याला प्रतिनिधी बनवलं जातं. गटात एकाच पंथाचा एकच माणूस असेल तर सगळे त्याला पंथाचा हिशेब विचारतात. शक्यतो प्रत्येक बाजूचे किमान दोघे असू द्या, आणि त्या दोघांचं एकमेकांशी पटत नसेल तर फारच उत्तम.

---

मोजपट्टी

सूत्रधार, जोड्यांच्या वाक्यात लोक गुळमुळीत काहीतरी लिहून मोकळे होतात, "प्रत्येकाचा अनुभव वेगळा" वगैरे. त्याला उपाय?

---

सूत्रधार

आहे. वाक्यात एक क्रियापद भूतकाळी आणि एक मर्यादा हवीच, अशी अट घाला. "मंडळाच्या प्रमुखाने हिशेब मागणाऱ्याला बैठकीतून उठवलं, आणि यावरून त्या मंडळाच्या कारभाराबद्दल बोलता येतं, तिथे प्रार्थनेला येणाऱ्यांबद्दल नाही." असं वाक्य गुळमुळीत करता येत नाही. पाच मिनिटांत होत नाही, म्हणून १५ ठेवली आहेत.

अवांतर: कार्डांवर नावं नकोत आणि सत्र संपल्यावर ती ज्याची त्याला परत द्या. गोळा करून ठेवली की पुढच्या वेळी लोक कार्डावर चांगलं दिसणारं लिहितात. या विषयात तसंही माणसं स्वतःबद्दल वाढवून सांगतात. अमेरिकेत १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी चर्चमध्ये प्रत्यक्ष आलेली डोकी मोजली, तर आठवड्याची उपस्थिती लोकांनी सर्व्हेत सांगितलेल्या आकड्याच्या साधारण निम्मीच भरली होती.